घरी बसलेल्या मुलामुलींसोबत काम सुरू करताना: मुंबईच्या वस्तीतल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

मंडळात, बचत गटात किंवा एखाद्या संस्थेत तुम्ही नवे आहात आणि 'वस्तीतल्या घरी बसलेल्या पोरांसाठी काहीतरी करू या' असं ठरलं, की बहुतेक ठिकाणी सुरुवात एकाच पद्धतीने होते. करिअर मार्गदर्शनाचं शिबिर ठेवलं जातं, कोर्सची पत्रकं वाटली जातात, पाहुण्यांना नारळ-शाल दिली जाते. शिबिराला येतात ती आधीच कॉलेजात जाणारी मुलं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांतली काही हॉलच्या दाराशी उभी राहून आत डोकावतात आणि निघून जातात. मुली तर दारापर्यंतही येत नाहीत.

म्हणून शिबिर नंतर ठेवा. शिक्षण, काम आणि प्रशिक्षण या तिन्हींच्या बाहेर असलेल्या मुलाला सल्ल्याची कमतरता कधीच नसते, नातेवाइकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्याला सल्ला देऊन गेलेले असतात. त्याचं कुठेतरी एका ठरावीक जागी अडलेलं असतं. ती जागा शोधून तेवढी मोकळी करणं हे आपलं काम. भांडुप-विक्रोळीच्या टेकडीवरच्या वस्त्यांत जे उपयोगी पडताना पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: एक गल्ली, एक वही

आख्खी वस्ती घेऊ नका. एक गल्ली किंवा चाळीचा एक मजला घ्या आणि घरोघरी एकच प्रश्न विचारा: घरात पंधरा ते एकोणतीस वयाचं कोण कोण आहे? शिक्षण, काम आणि प्रशिक्षणाबाहेरच्यांची मोजणी जगभरात १५ ते २४ वयोगटासाठी करतात, आपल्याकडच्या सरकारी पाहण्यांत ती बहुधा १५ ते २९ अशी असते. आपण मोठा गट घ्यावा, कारण मुंबईत पंचविशीतला मुलगाही 'अजून सेटल व्हायचाय' म्हणून घरीच सापडतो.

'तुमच्याकडे रिकामं कोण आहे?' असं मात्र विचारू नका. तसं विचारलंत तर मुलीचं नाव कुणीच सांगणार नाही, कारण आईच्या लेखी ती रिकामी नसतेच. पाणी यायच्या वेळेला ती घरी असते, धाकट्याला शाळेत सोडते-आणते, स्वयंपाक करते, आजीचं औषधपाणी बघते. आई चार घरची धुणीभांडी करायला बाहेर पडते ती हिच्या जिवावर. दुपारी उरलेल्या वेळात हीच मुलगी मणी ओवते, शिवलेल्या कपड्यांचे धागे कापते, ब्लाऊजला हुक लावते. त्याचे दोन पैसे येतात, पण त्याला घरात काम म्हणत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत: शिक्षण, रोजगार आणि प्रशिक्षणाबाहेर असलेल्या तरुणी ४८.४ टक्के आणि तरुण ९.८ टक्के. नाक्यावर उभी दिसणारी पोरं म्हणजे या प्रश्नाचा छोटा भाग, मोठा भाग दाराच्या आत असतो. तुमच्या वहीत मुलींची नावं मुलांपेक्षा कमी आली, तर मोजणी पुन्हा करा.

मुलग्यांना पहिल्या भेटीत 'काय करतोस?' विचारू नका. हा प्रश्न ऐकून त्यांचे कान किटलेले असतात. 'शेवटचं काम कुठं केलंस?' असं विचारा. मग खरा इतिहास बाहेर येतो. लग्नसराईत केटरिंगला वाढपी, गणपतीआधी मंडपवाल्याकडे, दिवाळीत कपड्याच्या दुकानात, मध्ये काही महिने डिलिव्हरी, मग गाडीचा हप्ता थकला म्हणून ते बंद. असा मुलगा एका महिन्याच्या मोजणीत कामावर असतो, दुसऱ्या महिन्याच्या मोजणीत घरी. वहीत त्याच्या नावापुढे 'बेकार' लिहून मोकळं होऊ नका. तीन रकाने पुरतात: शेवटची पास झालेली इयत्ता, शेवटचं काम, ते का सुटलं.

तिसरा रकाना महत्त्वाचा. तिथे जे येईल त्यावर पुढचं सगळं ठरतं.

दुसरी पायरी: अडलंय कुठे?

भरलेली वही घेऊन शांतपणे बसा. वरवर एकसारखी दिसणारी मुलं वेगवेगळ्या ठिकाणी अडकलेली असतात आणि सगळ्यांना एकच कोर्स सुचवला की तो बहुतेकांना निरुपयोगी ठरतो.

दहावीत गणित किंवा इंग्रजी राहिलं आणि तिथून सगळंच थांबलं, हा एक मोठा गट. बारावीनंतर पहिल्या वर्षाला केटी लागल्या, म्हणजे विषय राहिले, आणि कॉलेज सुटलं, हा दुसरा. काही जण कामाला लागले होते, पण रात्रपाळी, लांबचा प्रवास, बुडवलेला पगार किंवा सुपरवायझरची शिवीगाळ यामुळे सोडून आले, आता घरचे 'टिकत नाही' म्हणतात. काहींच्या घरी आजारपण आलं आणि सेवेला तेच थांबले. लग्न होऊन इकडे आलेल्या मुली आहेत, त्यांना मुंबईत रस्ताही माहीत नसतो. अपंगत्व असलेली मुलं आहेत, त्यांना चौथ्या मजल्यावरून किंवा टेकडीवरच्या पायऱ्यांवरून खाली आणायलाच रोज माणूस लागतो.

भरतीची तयारी करणाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पहाटे मैदानात धावणारी, दुपारी अभ्यासिकेत बसणारी ही मुलं मोजणीत घरी बसलेली दिसतात, पण ती कष्टाळू असतात. पोलीस भरतीला शिपाईपदासाठी बारावी लागते, वयोमर्यादा खुल्या वर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३. भरती कधी निघेल ते कुणाच्या हातात नसतं, त्यामुळे वर्षं निघून जातात. 'सोडून दे' असं त्यांना सांगू नका, ते ऐकणार नाहीत आणि त्यांनी ऐकावं असंही मला वाटत नाही. तयारी चालू ठेवून सोबत दुसरं एक प्रमाणपत्र पदरात पाडून घ्यायला मात्र जरूर लावा. मैदान सकाळी असतं, संध्याकाळ मोकळी असते.

तिसरी पायरी: कागदांची पिशवी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मुलाला किंवा मुलीला म्हणा, घरातली कागदांची पिशवी घेऊन ये. प्रत्येक घरात ती असते, साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची, कपाटावर किंवा गादीखाली ठेवलेली. चटईवर सगळं पसरा. एका मुलीची पिशवी आम्ही अशीच उघडली तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव बाळकृष्ण होतं, आधारवर बाळू, रेशन कार्डावर बाळाराम, आणि जन्मतारीख दोन कागदांवर दोन. तिने दोनदा प्रवेशाचा अर्ज भरला होता, दोन्ही वेळा पडताळणीला तो अडकला. 'मला जमत नाही' असं तिने मनाशी धरलं होतं. अडचण तिच्या हुशारीत नव्हती, कागदात होती.

कागद जुळवताना एक मूळ कागद ठरवा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा. दहावी पास असेल तर दहावीची गुणपत्रिका मूळ माना. नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद शाळा सोडल्यावर बदलून घेणं फार जिकिरीचं असतं, त्यामानाने आधार बदलणं सोपं. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर घाईने काही करू नका, काय लिहायचं ते आधी कागदावर लिहून, स्पेलिंग तपासून मगच केंद्रावर जा. नाव खरोखरच बदलायचं असेल, लग्नानंतरचं किंवा शाळेने चुकीचं लिहिलेलं, तर राज्य शासनाच्या राजपत्रात छापून आणावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो. त्याचं कार्यालय म्हणजे चर्नी रोडचं शासकीय मुद्रणालय.

दाखला हरवला असेल तर शेवटच्या शाळेत दुय्यम प्रत मागा. महापालिकेची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर रजिस्टर त्या दुसऱ्या शाळेत गेलेलं असतं, तिथे चौकशी करा. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर शिक्षण मंडळाच्या मुंबई विभागाचं कार्यालय वाशीला आहे.

अधिवासाचा, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत, आपली वस्ती कुठल्या तहसीलदारांकडे येते ते आधी विचारून घ्या, नाहीतर एक खेप फुकट जाते. अधिवासासाठी राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जातीच्या दाखल्याला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. हा पुरावा मुंबईच्या खोलीत क्वचितच सापडतो. तो गावच्या शाळेत असतो, आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या दाखल्यात. गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात, घाटावर कुणी जाणार असेल तर त्याच्याकडे आजोबांचं पूर्ण नाव, शाळेचं नाव आणि अंदाजे साल लिहून द्या. नुसतं 'दाखला आण' सांगितलं तर माणूस हात हलवत परत येतो.

आता मोबाइल नंबर. हा कागद नाही, पण कागदाइतकाच अडवतो. घरात एकच फोन, नव्या ऑफरपायी बदललेलं सिम, आधारला जोडलेला नंबर कधीचाच बंद, मग ओटीपी येणार कुठे? आधार केंद्रावर किंवा पोस्टात जाऊन चालू नंबर जोडून घ्या. तो नंबर निदान दोन वर्षं बदलायचा नाही असं घरच्यांसमोर ठरवा. मुलाखतीचा फोन आईच्या मोबाइलवर येणार असेल तर आईला सांगून ठेवा, कारण ती कामावर असताना अनोळखी नंबर उचलत नाही. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का तेही बघा, सरकारी विद्यावेतन त्याच खात्यात येतं.

हे सगळं व्हायला एक-दोन महिने जातात. तेवढ्यात पोरं कंटाळतात. म्हणून खेपेला त्यांच्यासोबत स्वतः जा, निदान पहिल्यांदा तरी. खिडकीवरच्या माणसाशी कसं बोलायचं, पावती का जपायची, टोकन कधी मिळतं, हे एकदा बघितलं की दुसऱ्या खेपेला ती एकटी जातात. माझ्या मते या कामातलं खरं प्रशिक्षण हेच.

चौथी पायरी: शिक्षणाचा सुटलेला धागा

सगळ्यांनी परत शिकावं असा आग्रह धरू नका. पण आठवी, दहावी किंवा बारावीचा उंबरा एका पावलावर राहिला असेल तर तो ओलांडून घ्यायला लावा, कारण मुंबईत सुरक्षारक्षकापासून लॅब असिस्टंटपर्यंत पहिला प्रश्न 'दहावी आहे का?' हाच असतो.

दहावीत विषय राहिले असतील तर फक्त तेवढ्याच विषयांची परीक्षा देता येते. फेब्रुवारी-मार्चची मुख्य परीक्षा आणि निकालानंतर पावसाळ्यातली पुरवणी परीक्षा, अशा वर्षात दोन संधी असतात. एक-दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीत प्रवेशही मिळतो, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊकच नसते.

शाळा मधेच सुटली असेल तर १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून दहावी किंवा बारावीला बसता येतं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो लागतो, जवळची शाळा निवडावी लागते आणि प्रात्यक्षिकं, तोंडी परीक्षा त्या शाळेतच होतात. अर्ज पावसाळ्याच्या सुमारास सुरू होतात. परीक्षा जवळ आल्यावर जानेवारीत जाग येणाऱ्यांचं वर्ष जातं, म्हणून आपल्या मंडळातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर जूनपासूनच खूण करून ठेवा. त्याहून आधी शाळा सोडलेल्यांसाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्यायही आहे, तिथे विषय निवडायला जास्त मोकळीक असते.

दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हापासूनची ही आपल्याकडची वाट. मुंबईतल्या रात्रशाळांत वर्ग संध्याकाळी साडेसहाच्या आसपास भरतात आणि वर्गात पंधरा वर्षांचा मुलगा आणि तिशीतली बाई शेजारी बसलेली दिसते. 'मासूम' ही संस्था २००८ पासून या शाळांसोबत काम करते आहे. मुलाला पहिल्या दिवशी शाळेत एकटं पाठवू नका. वयाने मोठं होऊन पुन्हा बाकावर बसायची लाज फार मोठी असते. तिथल्या मुख्याध्यापकांशी आधी बोला, वर्ग दाखवा, मग नाव घाला.

बारावीनंतर सुटलेल्यांना मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, कलिना संकुलातलं, जुन्या 'आयडॉल' नावाने सगळे ओळखतात ते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रंही आहेत. नियमित कॉलेजच्या केटी आणि हजेरीत ज्यांचं गाडं रुतलं, त्यांना ही वाट मानवते.

पाचवी पायरी: हाताला कसब

आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, त्यांच्याबद्दल वस्तीत दोन गैरसमज असतात. एक, तिथे नापास मुलं जातात. दुसरा, तिथे फक्त मुलगेच जातात. वायरमन, वेल्डर, शिवणकाम अशा काही ट्रेडला आठवी पास चालतं, इलेक्ट्रिशियन, फिटर अशांना दहावी लागते. मुंबईत लोअर परळ, कुर्ला, मुलुंड इथे सरकारी आयटीआय आहेत, दादरला मुलींचं स्वतंत्र आहे. प्रवेश ऑनलाइन होतो आणि दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतो. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही म्हणून मुलं नाद सोडतात, पण शेवटच्या फेऱ्यांत जागा उरलेल्या असतात. तेव्हा थेट संस्थेत जाऊन चौकशी करायला लावा. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, हे पालकांना आवर्जून सांगा. 'पुढे वाट बंद' ही त्यांची भीती त्याने कमी होते.

शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, ही मुंबईच्या मुलांची हक्काची वाट आहे आणि ती आपणच विसरलो आहोत. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली काम शिकता शिकता विद्यावेतन मिळतं, शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र. माझगाव डॉक तीन गटांत शिकाऊ उमेदवार घेतं: आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास. वयोमर्यादा विशीच्या आसपास संपते, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांची मुलं वहीत असतील तर त्यांच्यासाठी ही जाहिरात डोळ्यांत तेल घालून बघा. नौदलाच्या गोदीतही अशी भरती होते. मध्य आणि पश्चिम रेल्वे १५ ते २४ वयाच्या, आयटीआय झालेल्या मुलांना परळ, माटुंगा, लोअर परळ इथल्या कारखान्यांत घेतात. तिथे वेगळी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. रेल्वेच्या लेव्हल एक, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत अप्रेंटिस झालेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली. १८ ते ३५ वयाच्या, महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या मुलामुलींना कार्यालयात किंवा आस्थापनेत काम शिकायला पाठवतात. विद्यावेतन बारावी पासला महिना ६,००० रुपये, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० असं जाहीर झालं. नोंदणी राज्य सरकारच्या महास्वयंम या रोजगार पोर्टलवर. ही कायमची नोकरी नाही, मुदत संपली की घरी यायचं आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. त्या महिन्यांत अनुभवाचं पत्र, साहेबांचा संदर्भ आणि कम्प्युटरवरचा हात, एवढं मिळवून बाहेर पडलं तर उपयोग झाला.

खासगी कोर्सच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. आधी पैसे आणि मग 'शंभर टक्के नोकरी' असं म्हणणाऱ्या क्लासला पाठवू नका. ज्या मुलांना त्यांनी मागच्या वर्षी नोकरी दिली म्हणतात, त्यांतल्या दोघांशी बोलायला मागा. टाळाटाळ झाली तर उठून या.

सहावी पायरी: पहिला महिना

नोकरी लागली म्हणजे काम झालं असं समजू नका. बहुतेक मुलं पहिल्या महिन्यातच सोडतात. आळस म्हणून नव्हे. हिशेब असा की मुलगा महिन्याच्या तीन तारखेला रुजू होतो आणि पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला होतो. मधल्या पाच आठवड्यांत लोकलचा पास, स्टेशनपासून शेअर रिक्षा, काळे बूट, काळी पँट, दुपारचं जेवण, हा सगळा खर्च घरातून. पंचवीस तारखेनंतर घरातले पैसे संपतात. एक दिवस तो जात नाही, दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा आलेला असतो. घरचे म्हणतात, बघा, पुन्हा सोडली.

मंडळाकडे वर्गणी शिल्लक राहत असेल तर त्यातून पहिल्या महिन्याचा पास काढून द्या. पहिल्या दोन पगारांत परत, बिनव्याजी, वहीत सही. पत्रकं छापण्यावर खर्च होणाऱ्या पैशांत कितीतरी पास निघतात. डबा घरून नेता येईल असं आईशी बोला. बूट मोठ्या भावाचे चालतील का बघा. इतक्या बारीक गोष्टी विचारायला संकोच वाटतो, पण नोकरी याच बारीक गोष्टींवर टिकते.

रुजू होताना चार गोष्टी विचारायला शिकवा: पगार हातात किती, कोणत्या तारखेला, सुट्टी कधी, आणि नेमका मालक कोण. मॉलमध्ये पाटी एका ब्रँडची असते आणि पगार देणारा ठेकेदार तिसराच असतो. त्याचं नाव आणि पत्ता लिहून घ्या. पीएफ कापत असतील तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, मागा, २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि आस्थापनेला कायदा लागू असेल तर ईएसआयसीचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं, कार्ड मागा. मूळ गुणपत्रिका मालकाकडे ठेवायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची.

मुलींच्या घरी

मुलीच्या कामाचा निर्णय तिच्याशी बोलून होत नाही, घराशी बोलून होतो. ती गेली तर पाणी कोण भरेल, हा प्रश्न आई विचारणारच, आणि तो खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर घेऊनच जा. घरात भाऊ असेल तर पाणी भावाने भरावं असं मी स्पष्ट सांगते, तोही बसलेलाच असतो. लहान मूल असेल तर जवळची अंगणवाडी किंवा पाळणाघर बघा.

वडिलांचा मुद्दा बहुतेक वेळा परतायच्या वेळेचा असतो. एकाच गल्लीतल्या दोघीतिघींना एका ठिकाणी, एका वेळेला लावलंत तर निम्मा विरोध मावळतो. पहिलं काम घरापासून एका बसच्या अंतरावर शोधा, पगार थोडा कमी असला तरी. शक्य असेल तर आईला एकदा कामाची जागा दाखवून आणा. आईने जागा बघितली, तिथल्या बायकांशी दोन शब्द बोलली, की वडिलांना समजवायचं काम ती करते. लग्न ठरवायची घाई चालली असेल तर भांडू नका, 'दहावी होऊ द्या', 'कोर्सचे सहा महिने होऊ द्या' असा मुदतीचा शब्द घ्या. अठराच्या आतली असेल तर मात्र गप्प बसू नका, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा.

फसवणुकीची ठिकाणं

रिकाम्या मुलांच्या मागावर माणसं असतात. विमानतळावर, रेल्वेत, मंत्रालयात 'सेटिंग' करून देतो म्हणून पैसे मागणारे जुनेच. नवे प्रकार फोनवरून येतात: व्हिडिओ लाइक करा, रेटिंग द्या आणि पैसे कमवा, मग आधी थोडे पैसे भरा. परदेशात डेटा एंट्रीची नोकरी म्हणून मुलांना नेऊन तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणंही झाली आहेत.

सगळ्यात धोकादायक म्हणजे 'तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला पैसे देतो.' मुलाला वाटतं, आपलं काय जातं. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस याच्या नावाने येते. ही गोष्ट प्रत्येक मुलाला, प्रत्येक मुलीला स्वतंत्रपणे सांगा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करायला लावा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

जो उठतच नाही

काही मुलं कागद, कोर्स, नोकरी कशालाच प्रतिसाद देत नाहीत. दिवसा झोपतात, रात्री जागतात, अंघोळ टाळतात, मित्रांनाही भेटत नाहीत. त्याला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवा. १४४१६ ही टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीची, मोफत फोन सेवा आहे आणि मराठीतही बोलता येतं. केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे सकाळी लवकर जावं लागतं आणि सोबत कुणीतरी हवं. नशेचा विषय असेल तर तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका, घरच्यांना सोबत घेऊन उपचाराकडेच न्या. अशा मुलासाठी नोकरीची घाई करू नका. रोज संध्याकाळी मंडळाच्या वाचनालयाची चावी घ्यायची आणि दार उघडायचं, एवढीच जबाबदारी द्या. ती दोन-तीन आठवडे नीट पार पडली की पुढचं बोला.

त्यानंतर

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा, पगाराच्या तारखेला एकदा आणि तिसऱ्या महिन्यात एकदा घरी जा. फोनवर सगळे 'बरं चाललंय' म्हणतात. नोकरी सुटली असेल तर तिसऱ्या रकान्यात नवं कारण लिहा आणि तिथून पुन्हा सुरुवात करा. पहिली नोकरी फार कमी जणांची टिकते. दुसरी पहिल्यापेक्षा जास्त दिवस टिकली तर काम योग्य दिशेने चाललं आहे.

वही बाहेर दाखवू नका. त्यात घरांची दुखणी लिहिलेली असतात. मंडळाच्या ग्रुपवर 'आमच्यामुळे नोकरी लागली' म्हणून हार घातलेले फोटो टाकण्याचा मोह कार्यकर्त्यांना फार होतो. फोटो गाजतो, महिन्याने नोकरी सुटते आणि तो मुलगा तुम्हाला बघून गल्ली बदलतो, नेमकी तेव्हाच त्याला तुमची गरज असते. फोटो काढायचाच असेल तर सहावा पगार झाल्यावर काढा, तोही त्याला विचारून.